सही दिली म्हणजे सहभाग झाला का?

पुनर्वसन प्रकल्पाच्या फलकावर 'रहिवाशांच्या सहभागातून' असं वाचलं की मला एकच विचारावंसं वाटतं: मोरी कुठे आणि ओटा कुठे, हे कुणी ठरवलं? 'बिल्डरच्या आर्किटेक्टनं' असं उत्तर आलं, तर तिथे रहिवाशांची संमती घेतली गेली आहे. सहभाग अजून व्हायचाय.

सरकारी घरांच्या बाबतीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. संमती म्हणजे दुसऱ्यानं मांडलेल्या प्रस्तावाला 'हो' किंवा 'नाही' म्हणणं. ती मोजता येते, तिची टक्केवारी निघते, कोर्टात तिच्यावर भांडता येतं. सहभाग म्हणजे प्रस्ताव लिहितानाच हात लावणं. त्याची टक्केवारी काढायची कशी, हा प्रश्नच आहे, म्हणून कागदोपत्री तो मागे पडतो.

मुंबईची एसआरए योजना घ्या. एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, 1995 साली आलं. झोपडीधारकाला घर फुकट. बांधकामाचा खर्च विकासक त्याच जागेवरच्या विक्रीच्या इमारतीतून काढतो. यासाठी पूर्वी 70 टक्के पात्र झोपडीधारकांची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. वस्तीत नियोजित सोसायटी होते, मुख्य प्रवर्तक निवडला जातो, सभा होते, विकासक ठरतो आणि संमतीपत्रं गोळा करत माणसं दारोदार फिरतात. 'परिशिष्ट 2', म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, लागलं की पात्र कोण, अपात्र कोण, यावर गल्लीत महिनोन्‌महिने दुसरा विषय नसतो.

या सगळ्या धावपळीत घराबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. क्षेत्रफळ आधी 225 चौरस फूट होतं, मग 269 झालं, आता 300 आहे. ते नियमावलीतून येतं. मजला आणि खोली सोडतीत निघते. ज्यानं सही केली नाही त्यालाही शेवटी जागा सोडावीच लागते, कारण बहुमत झालं की कायदा त्याला हटवू शकतो.

म्हणून संमती कुचकामी आहे का? मुळीच नाही. सही हे रहिवाशाच्या हातातलं हुकमाचं पान आहे. नवं घर मिळेपर्यंतच्या संक्रमण काळाचं भाडं किती, ते आगाऊ किती महिन्यांचं, करारनामा नोंदवणार का, हे सगळं सही करण्याआधी विचारलं तर उत्तर मिळतं. अडचण इतकीच, की हे पान एकदाच टाकता येतं.

आता पुण्यातलं येरवडा बघा. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरी विकास योजनेखाली नेताजीनगर, मदर तेरेसानगर, शीला साळवेनगर अशा वस्त्यांमध्ये घरं जागच्या जागी बांधली गेली. पुणे महापालिकेबरोबर स्पार्क आणि महिला मिलन या संस्था कामात होत्या. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तेवढी पाडली. त्यामुळे गल्ल्या, शेजार, देऊळ जिथल्या तिथे राहिलं. घरामागे साधारण 3 लाखांचा खर्च धरला होता, त्यातला 10 टक्के वाटा रहिवाशाचा. जागा प्रत्येकाची वेगळी, कुठे निमुळती, कुठे तिरकी, म्हणून एकच नकाशा सगळ्यांना चालणार नव्हता. आर्किटेक्टला घरागणिक बसून आखावं लागलं: जिना कुठून, खिडकी कुणाच्या भिंतीकडे, शेजाऱ्याची हरकत आहे का. ज्याची जागा फारच लहान, त्यानं शेजाऱ्याशी बोलून मिळून बांधायचं, हाही पर्याय होता. अशा बोलण्यात भांडणं होतातच, आणि ती सोडवायला बहुतेकदा बायकाच पुढे होतात.

सहभागाची ही किंमत त्याचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. सभा संध्याकाळी असली तरी कुणाचा तरी स्वयंपाक खोळंबतो, दुपारी असली तर रोज बुडतो. येरवड्याच्या पद्धतीला वेळ जास्त लागतो. शिवाय जमिनीचा भाव गगनाला भिडलाय तिथे अशी कमी उंचीची घरं परवडत नाहीत, हा मुंबईकरांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

गावाकडचं उदाहरण हवं तर किल्लारीचं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली 52 गावं नव्या जागी वसवली. तिथली घरं बहुतांशी बाहेरच्या यंत्रणांनी बांधून दिली. कमी नुकसान झालेल्या गावांत मात्र अनुदान घरमालकाच्या हातात गेलं. दुरुस्ती त्यानंच करून घ्यायची, आणि मार्गदर्शनाला गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या. एकाच आपत्तीत, एकाच जिल्ह्यात दोन्ही रीती शेजारी-शेजारी दिसल्या. पैसे कुणाच्या खात्यात जातात, यावरून त्या ओळखता येत होत्या. आज प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही अनुदान हप्त्याहप्त्यानं थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतं, आणि गवंडी तोच ठरवतो.

एसआरएच्या इमारतीत सहभाग येतो तो सगळ्यात शेवटी. ताबा मिळतो, विकासक निघून जातो आणि लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी सोसायटीच्या गळ्यात पडते. लिफ्ट बंद पडली की पहिली खरी सर्वसाधारण सभा भरते. वर्गणी किती काढायची, यावर तिथे रात्री अकरापर्यंत आवाज चढलेले असतात.