स्विच की आणि ॲनेट की: सांध्याच्या दोन चाव्या

जुन्या रेल्वे वस्तूंच्या बाजारात ‘सांध्याची चावी’ म्हणून दोन अगदी निराळ्या वस्तू विकायला असतात. सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा, इंग्रजीत स्विच. एक अमेरिकी रेल्वेची स्विच की, दुसरी ब्रिटिश पद्धतीची ॲनेट की. दोन्हींनी सांधा मोकळा होतो. शिवाय ॲनेटच्या कुलपात सांधा वळवलेला असेपर्यंत चावी अडकून राहते, आणि बऱ्याच अमेरिकी स्विच कुलपांतही कडी उघडी असताना चावी निघत नाही. त्यामुळे जाणकारही चकतात.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: या चावीची डुप्लिकेट निघाली तर काय बिघडेल?

स्विच कीच्या बाबतीत उत्तर आहे, फारसे काही नाही. ती मुळात डुप्लिकेटच असते. एका रेल्वे कंपनीचे दात्यांचे माप साधारणपणे एकच, आणि तीच चावी त्या कंपनीच्या हजारो कुलपांना चालते. ब्रेकमन, कंडक्टर, इंजिन ड्रायव्हर, सगळ्यांकडे ती असायची. चावी बहुधा पितळी, सुमारे दोन इंच लांब, दांडी पोकळ. कुलपातल्या खुंटीवर ती बसते. मुठीवर कंपनीची आद्याक्षरे ठोकलेली, पुष्कळदा स्विचसाठी ‘एस’, आणि अनुक्रमांक. त्या क्रमांकावर चावी कामगाराच्या नावे लिहिली जाई आणि नोकरी सोडताना परत घेतली जाई. कुलूप साखळीने स्विच स्टँडलाच, म्हणजे सांधा हाताने फिरवायच्या दांड्यालाच, जखडलेले असते. ॲडलेक, स्लेमेकर, फ्रेम ही कुलपे बनवणाऱ्यांची नेहमी दिसणारी नावे.

या कुलपाची दुखणी साधी आहेत. चावीच्या पोकळीत खिशातला कचरा भरला की ती खुंटीवर पूर्ण बसत नाही. जोर लावण्याआधी टाचणीने पोकळी साफ करावी. चावीच्या भोकावरचे स्प्रिंगचे झाकण तुटले की पाणी आत जाऊन कुलपातले पत्ते, म्हणजे चावीने हलणाऱ्या पट्ट्या, गंजतात. घट्ट तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटते आणि थंडीत ते गोठते. ग्रॅफाइटची पूड बरी.

खरी उणीव मात्र कुलपाबाहेर आहे. हे कुलूप फक्त ‘इथे अधिकृत माणसानेच हात लावावा’ एवढेच सांगते. हाताने फिरवायच्या बहुतेक स्टँडवर सांधा मुख्य मार्गाकडे असो की सायडिंगकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, कुलूप दोन्हीकडे सारखेच लागते. 6 जानेवारी 2005 रोजी साउथ कॅरोलायनातील ग्रॅनिटव्हिल येथे काम संपवून गेलेल्या मंडळींकडून सांधा सायडिंगकडेच राहिला. त्या मार्गावर सिग्नल नव्हते. पुढची मालगाडी थेट सायडिंगवर उभ्या गाडीवर आदळली, क्लोरीनचा टँकर फुटला आणि 9 माणसे गेली. त्याच वर्षी अमेरिकी रेल्वे प्रशासनाने अशा मार्गांवर सांध्याच्या स्थितीची लेखी नोंद ठेवणे सक्तीचे केले. म्हणजे कुलपाची उणीव कागदाने भरून काढली.

1875 साली जे. ई. ॲनेट यांनी पेटंट घेतलेली चावी हे काम कागदावर सोडत नाही. ती एका ठरावीक जागेचीच असते, मोठी आणि जड, आणि पुष्कळदा तिच्यावर त्या जागेचे नाव असते. क्रम असा. सिग्नलमन आधी संबंधित सिग्नल धोक्यावर आणतो. मगच सिग्नल केबिनमधल्या कुलपातून चावी फिरून बाहेर येते, आणि ती बाहेर असेपर्यंत त्या सिग्नलांचे लिव्हर हलतच नाहीत. चावी घेऊन गार्ड सांध्यापाशी जातो, ती घालून तिथला लिव्हर मोकळा करतो, सांधा वळवतो. आता चावी अडकली. डबे हलवून झाल्यावर सांधा पुन्हा मुख्य मार्गाला लावून बंद केल्याशिवाय ती निघत नाही, आणि ती केबिनमध्ये परतल्याशिवाय गाडीला सिग्नल देता येत नाही. काही एकेरी मार्गांवर तर ही चावी गाडीच्या टोकनलाच, म्हणजे त्या मार्गावर जायच्या परवानगीच्या खुणेलाच, जोडलेली असे. ज्या गाडीकडे टोकन, तिलाच सायडिंग उघडता येणार.

म्हणूनच इथे दुसरी चावी अस्तित्वात असणे हाच दोष. एखाद्याने ‘अडचणीला असू दे’ म्हणून डुप्लिकेट करून घेतली की पहिली चावी केबिनमध्ये, सिग्नल मोकळा, आणि तिकडे दुसऱ्या चावीने सांधा उघडा. कुलूप न बिघडताच निकामी होते.

भारतीय रेल्वेने हा दुसरा धडा गिरवला. मोटरने चालणारा सांधा बिघडला की तो हाताने फिरवायला जे क्रँक हँडल लागते, त्याची चावी सिग्नलशी बांधलेली असते. ती काढली की त्या सांध्यावरून जाणारा सिग्नल देता येत नाही. एमआयडीसीतल्या विजेच्या पॅनेलवरची ‘कॅसल की’ याच घराण्यातली. दोन इनकमर (वीज आत येण्याचे स्विच) आणि एक बस कपलर (पॅनेलचे दोन भाग जोडणारा स्विच), कुलपे तीन, चाव्या दोनच. तिसरी चावी कोणी करून आणली तर दोन्ही पुरवठे एकमेकांवर पडायला वेळ लागत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढेच. अमेरिकी स्विच की नकली निघण्याचा धोका अधिक. खऱ्या चावीची अक्षरे हाताने एकेक ठोकलेली असल्याने थोडी वाकडीतिकडी असतात, पण वापराने त्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसतात. मुठीच्या आतली कड किल्ल्यांच्या कडीत घासून झिजलेली असते. जुन्या काळवंडलेल्या पितळात अक्षरांचे तळ चमकत असतील तर ती नंतर ठोकलेली आहेत. ओतीव खडबडीत अंग, साच्याच्या जोडाची रेघ, पोकळी नसलेली दांडी किंवा दातेच न कापलेली चावी दिसली तर किंमत विचारायचीही गरज नाही. ॲनेट की घेताना मात्र जोडीचे कुलूप सोबत आहे का ते पाहा. स्विच कीला त्याच कंपनीचे, त्याच दात्यांचे कुलूप नंतरही शोधता येते. ॲनेट कीचे कुलूप एखाद्या पाडलेल्या केबिनबरोबर भंगारात गेले असेल तर दुसरे मिळत नाही.