मिलानच्या प्रदर्शनात आवडलेलं फर्निचर आणि दिवे घरी आणण्यापूर्वी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एप्रिल सरत आला की आमच्याकडे येणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये इटलीतल्या मिलानच्या फर्निचर प्रदर्शनाचे फोटो असतात. कोणी स्वतः जाऊन आलेलं असतं, कोणी घरबसल्या पाहिलेलं असतं, आणि मागणी बहुधा एकच असते : "अगदी असंच हवं." त्या फोटोतलं घरात जसंच्या तसं काय येतं, काय येत नाही आणि का, हे नीट कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. आम्ही फर्निचर आणि प्रकाशयोजना ही दोन्ही कामं एकत्र घेतो. ती वेगवेगळ्या हातात गेली की दोन्हींची गंमत जाते, असं आमचं ठाम मत आहे.

प्रदर्शनाची तोंडओळख

सालोने देल मोबिले हे फर्निचरचं प्रदर्शन 1961 मध्ये सुरू झालं. इटलीतलं फर्निचर परदेशी खरेदीदारांसमोर यावं, हा त्यामागचा हेतू. 2006 पासून ते मिलानला लागून असलेल्या रो इथल्या प्रचंड संकुलात भरतं. सहा दिवसांच्या या प्रदर्शनात सुरुवातीचे दिवस व्यावसायिकांचे असतात, शेवटचे शनिवार-रविवार सर्वांना खुले असतात. दिव्यांचा विभाग म्हणजे युरोलुचे. तो 1976 मध्ये सुरू झाला आणि सध्या विषम वर्षी भरतो. सम वर्षी स्वयंपाकघरांची पाळी असते. तेव्हा दिव्यांसाठीच जायचं असेल तर आधी वर्ष पाहा, मग विमानाचं तिकीट काढा.

जाणाऱ्यांना आमचा एक सल्ला : मोठ्या कंपन्यांच्या दालनांत शिरण्याआधी सालोने सातेलीते पाहून घ्या. 35 वर्षांखालच्या डिझायनरांसाठी हा विभाग 1998 पासून आहे. इथली बरीच कामं अजून बाजारात आलेली नसतात, पण ज्यानं खुर्ची घडवली तोच तिच्याशेजारी उभा असतो. सांधा असा का केला, लाकूड हेच का घेतलं, असं विचारलं की मनापासून सांगतो. त्याच आठवड्यात ब्रेरा, तोर्तोना अशा भागांत शहरभर जे कार्यक्रम चालतात, त्यांना फुओरीसालोने म्हणतात. त्यांची व्यवस्था वेगळी. मूळ प्रदर्शनाच्या तिकिटाशी त्याचा संबंध नाही.

फोटोत न दिसणारे दिवे

आता मुद्द्याचं. फोटोतला सोफा इतका देखणा का दिसतो? बहुतेक दालनांत खिडकी नसते. भिंतींचा रंग मुद्दाम गडद किंवा मातकट ठेवलेला असतो आणि वर, नजरेआड, नेमके दिवे रोखलेले असतात. प्रकाश तिरका येतो, म्हणून कापडाची वीण उठून दिसते, लाकडाची रेघ न् रेघ वाचता येते. तोच सोफा घरात छताच्या मधोमध लावलेल्या एका सपाट, पांढऱ्या दिव्याखाली ठेवा. वीण दिसेनाशी होते आणि महागाचं कापड साधं वाटू लागतं. वस्तू तीच असते, फक्त तिच्यावर पडणारा प्रकाश बदललेला असतो.

म्हणून दिवा घेताना डिझाइनच्या आधी काही आकडे विचारा. विक्रेत्याला ते सांगता आलेच पाहिजेत.

पहिला आकडा उजेडाच्या रंगछटेचा, केल्व्हिन या एककात. 2700 ते 3000 म्हणजे उबदार पिवळसर, 4000 च्या आसपास पांढरा, 6500 म्हणजे निळसर. अक्रोडाचं टेबल 2700 च्या उजेडात मधासारखं तपकिरी दिसतं आणि 6500 च्या उजेडात करडं पडतं. बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोलीत आम्ही 3000 च्या वर सहसा जात नाही. एका खोलीत दोन छटा मिसळू नका. डोळ्याला ते लगेच खटकतं.

दुसरा आकडा रंग किती खरे दिसतात याचा, सीआरआय. कमाल 100. 80 वर काम चालतं, पण लाकूड, चामडं आणि माणसांचे चेहरे नीट दिसायला हवे असतील तर 90 च्या खाली येऊ नका. यात एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यासाठी आर-9 असा स्वतंत्र आकडा असतो. तो कमी असेल तर लालसर पॉलिश, विटकरी कापड आणि त्वचेचा रंग मलूल दिसतो. दिव्याच्या माहितीपत्रकावर आर-9 छापलेला नसेल तर मागून घ्या.

वॅटवरून उजेड जोखण्याची सवय सोडायला हवी. जुना 60 वॅटचा बल्ब साधारण 800 ल्यूमेन उजेड द्यायचा; आजचा एलईडी तेवढाच उजेड 8-9 वॅटमध्ये देतो. म्हणून ल्यूमेन विचारा. "50,000 तास आयुष्य" याचाही अर्थ समजून घ्या. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येतो. रोज पाच तास लावला तर हा काळ 27 वर्षांचा होतो. पण आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, तितका टिकेलच असं नाही, आणि आमच्या अनुभवात बिघडतो तो बहुधा ड्रायव्हरच. त्यामुळे एलईडी आणि ड्रायव्हर बदलता येतो का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक दिव्याबाबत विचारतो. युरोपीय संघात 2021 पासून नियमच आहे, की तांत्रिक अडचण नसेल तर आतला प्रकाशस्रोत साध्या हत्यारांनी काढता आला पाहिजे. तुम्ही कुठेही राहत असा, हीच अट स्वतःसाठी लावून घ्या.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवा असेल तर दिवा आणि डिमर एकमेकांना चालतात याची खात्री आधीच करा. नाहीतर उजेड कमी केला की दिवा थरथरतो किंवा गुणगुणतो. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून पाहा. थरथर असेल तर पट्टे सरकताना दिसतात. व्होल्टेज आणि प्लगही तपासा. इटलीत 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे.

जुन्या दिव्यांकडून शिकण्यासारखं

दरवर्षी नव्या वस्तूंच्या गर्दीत काही जुने दिवे तसेच तेजात उभे असतात. आर्को हा त्यांतला आमचा सर्वांत लाडका. आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिलिओनी या भावांनी तो 1962 मध्ये फ्लॉस या इटालियन दिवे-कंपनीसाठी केला. प्रश्न साधा होता : छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर वरून उजेड कसा आणायचा? त्यांनी स्टीलची मोठी कमान केली आणि तिचा तोल सांभाळायला करारा संगमरवराचा सुमारे 65 किलोचा ठोकळा खाली ठेवला. कमान इतकी लांब, की टेबलाभोवती बसलेल्यांच्या मागून वाढणाऱ्याला सहज फिरता येतं. ठोकळ्याच्या कडा तासल्या आहेत, कोणाला लागू नये म्हणून. आणि त्याला एक आरपार भोक आहे. अनेकांना ते शोभेचं वाटतं. त्यातून झाडूचा दांडा घालायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि दिवा हलवायचा! त्यात केवळ शोभेसाठी म्हणून काही नाही. त्याची नक्कल विकत घेताना वजन विचारा. हलक्या ठोकळ्यावर तेवढी कमान उभी करणं धोक्याचं आहे.

दुसरा दिवा डेन्मार्कचा, पॉल हेनिंगसेन यांचा 1958 मधला पीएच-5. बल्ब कोणत्याही बाजूनं थेट डोळ्यांत येऊ नये, अशा रीतीनं त्याच्या छत्र्या एकाखाली एक रचल्या आहेत. आजही अनेक सुंदर दिवे नेमके इथेच कमी पडतात. प्रदर्शनात दिवा उभ्यानं पाहून पुढे जाऊ नका. शेजारची खुर्ची ओढून बसा आणि मग वर पाहा. बसल्यावर डोळे दिपत असतील तर तो दिवा जेवणाच्या टेबलावर नको. टेबलाच्या फळीपासून दिव्याची खालची कड साधारण 70 ते 80 सेंटिमीटरवर ठेवली, की उजेड ताटावर पडतो आणि समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही.

फर्निचर पाहताना

दालनांची छतं उंच आणि वस्तूंभोवती मोकळी जागा भरपूर, त्यामुळे तिथे सगळंच आटोपशीर वाटतं. मोजपट्टी खिशात ठेवा. जेवणाची खुर्ची बसायला 45 सेंटिमीटरच्या आसपास उंच असते, टेबल 74 च्या आसपास. खोल बैठकीचे सोफे सध्या फार दिसतात. ते लोळायला उत्तम. वयस्कर माणसांना त्यांतून उठणं मात्र जड जातं. घरात आजी-आजोबा असतील तर याचा विचार आधी करा.

कापड किती वेळा घासलं तरी टिकतं, हे मार्टिंडेल या झीज-चाचणीच्या आकड्यात सांगतात. घरच्या रोजच्या वापराला 20,000 च्या पुढचा आकडा असावा. फोमची घनता विचारा. बैठकीला घनमीटरमागे निदान 30 किलो हवी.

अस्सल लाकडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि ते फुगतं-आकसतं ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेनं. हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या कोरड्या घरांसाठी सुकवलेलं टेबल दमट हवेत रुंदीत वाढतं. म्हणून टेबलाखाली वाकून पाहा. फळी पायांच्या चौकटीला लांबट खाचांतून किंवा सरकत्या पट्ट्यांनी धरलेली असेल, तर कारागिराला हे ठाऊक आहे. घट्ट स्क्रूंनी जखडलेली असेल, तर पुढेमागे ती तडकणार किंवा वाकणार. इटालियन वास्तुकार जिओ पोंती यांची 1957 ची सुपरलेजेरा खुर्ची फक्त 1.7 किलोची आहे आणि ती टिकते, ती लाकूड कुठे किती लागतं हे अचूक ओळखल्यामुळे. मजबुतीसाठी वजन वाढवावंच लागतं असं नाही, हे ती खुर्ची उचलली की पटतं.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका : ही वस्तू उत्पादनात आहे की नमुना आहे? बरेच नमुने बाजारात वर्षभरानं येतात, काही येतच नाहीत, आणि येतात तेव्हा रंग किंवा माप बदललेलं असतं.

आमच्याकडे येताना

आवडलेल्या वस्तूचा फोटो आणाच. शक्य असेल तर दालनाच्या छताचाही एक काढून आणा, म्हणजे दिवे कुठून रोखले होते ते आम्हाला कळतं. सोबत खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची, खिडक्यांची दिशा, दाराची आणि लिफ्टची मापं द्या. कापडाचा आणि लाकडाचा नमुना आम्ही दोन-चार दिवस तुमच्या घरी ठेवायला देऊ. तो सकाळी खिडकीशी आणि रात्री तुमच्या नेहमीच्या दिव्याखाली पाहा, आणि मगच पक्कं सांगा. ऑर्डर आम्ही त्यानंतरच नोंदवतो.