बापाच्याच गावात लपवलेलं पोर

खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांना अमळनेरला भाऊबंद जमले की रात्री पोरं हटकून सिनेमा लावतात. यंदा 'स्टार वॉर्स'मधला 2005 चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' लागला. शेवटी दोन सूर्य मावळत असताना ओबी-वान केनोबी तान्हा ल्यूक त्याच्या काकूच्या, बेरूच्या, हातात देतो. तेवढ्यात फुई, म्हणजे आत्या, म्हणाली, "बापनंच आडनाव, बापनंच गाव, मंग लपाडं काय?" देवकीचं पोर यमुनापार नेलं ते निदान नंदाचं म्हणून तरी वाढलं!

प्रश्न बिनतोड. दुष्ट पॅल्पटिनच्या नादी लागून अनाकिन स्कायवॉकरचा खलनायक डार्थ व्हेडर होतो, ल्यूक आणि लेया या जुळ्यांना जन्म देऊन त्याची बायको पाद्मे मरते. पोरं बापापासून लपवायची, म्हणून लेयाला आल्डेरान ग्रहावरचे ऑर्गाना दत्तक घेतात. ल्यूकला ठेवतात टॅटूइन ग्रहावर, अनाकिनच्या सावत्र भावाकडे, स्कायवॉकर हेच आडनाव लावून. आणि टॅटूइनवरच अनाकिनचं बालपण गेलेलं. इकडे अंत्ययात्रेत मात्र पाद्मेचं पोट दिसेल अशी खबरदारी घेतलेली, बाळंही गेली असं वाटावं म्हणून!

उत्तर कथेत नाही, लिखाणाच्या क्रमात आहे. 1977 च्या पहिल्या चित्रपटात केनोबी ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं. तेव्हा ते खरंच तसं होतं. मेलेल्या बापाचं नाव कोणापासून लपवायचं? पुढच्या भागाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये दिला. त्यातही ल्यूकचा बाप भूत होऊन भेटतो, व्हेडर निराळाच. बहिणीचा उल्लेख आहे, पण ती लेया नव्हे. मार्चमध्ये ब्रॅकेट वारल्या. पुढचा मसुदा जॉर्ज लुकास यांनी स्वतः लिहिला आणि त्यात व्हेडर बाप झाला.

हे गुपित त्यांनी कसोशीने जपलं. व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राऊज यांना चित्रीकरणात भलतंच वाक्य दिलं होतं: तुझ्या बापाला ओबी-वानने मारलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात चढवलं. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिल यांना ते आधी कानात सांगून ठेवलेलं.

1983 च्या चित्रपटात लेया ल्यूकची बहीण ठरली. पहिल्या चित्रपटात व्हेडर कोठडीत तिचा छळ करतो, ते दृश्य आता बघवत नाही. लिहिताना मात्र तिथे बापही नव्हता, लेकही नव्हती. सांधे उघडे पडायचे ते पडलेच: 1983 ची लेया म्हणते, आई मला थोडी आठवते, उदास असायची. 2005 मध्ये तीच आई बाळंतपणात जाते.

2022 मध्ये 'स्टार वॉर्स'चीच 'अँडोर' ही मालिका आली तेव्हा आमच्याकडे हशा पिकला होता. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी.

हे सगळं फुईला सांगितलं. मसुद्यांचं तिने कानाआड केलं. मुलगी आहे हे व्हेडरला अखेरीस ल्यूकच्या मनातून कळतं आणि थोड्याच वेळात तो ल्यूकसमोर मरतो, इथे मात्र ती थांबली.

"आंडेरले भेटनाच नही?"

"नाही."