सांध्यावर सुटणारा माग

२००६ सालच्या ऑगस्टच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अनेक राज्यांमध्ये माणसे एकाच जिवाणूमुळे आजारी पडू लागली. ई. कोलाय ओ१५७:एच७ असे त्याचे नाव. रक्ताच्या जुलाबांपासून मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत त्याची मजल जाते. रुग्णांच्या खाण्यात एक पदार्थ पुन्हा पुन्हा येत होता, तो म्हणजे पिशवीबंद ताजा पालक. १४ सप्टेंबरला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने असा पालक कोणीही खाऊ नये, असे जाहीर केले. दूषित पालक कोणत्या शेतातला आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून त्या घटकेला सगळाच पालक संशयित ठरला. पुढे तपास करणाऱ्यांना रुग्णांच्या घरी अर्धवट वापरलेल्या पिशव्या मिळाल्या आणि त्यांवर छापलेले होते : पी२२७ए. पहिले अक्षर पालक धुऊन पिशव्यांत भरणाऱ्या कारखान्याचे, शेवटचे अक्षर कामाच्या पाळीचे आणि मधला आकडा म्हणजे वर्षातला २२७ वा दिवस, अर्थात १५ ऑगस्ट. त्या पाळीत कोणकोणत्या शेतांतला माल आला होता, याच्या नोंदी होत्या. त्या नोंदींच्या आधारे तपास कॅलिफोर्नियातल्या मोजक्या शेतांपर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी एका ठिकाणच्या गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि ओढ्याच्या पाण्यात रुग्णांच्या शरीरात आढळलेलाच वाण सापडला. तोवर सुमारे २०० जण आजारी पडले होते आणि काहींचा मृत्यूही झाला होता.

देशभर पसरलेला संशय पाच चिन्हांनी एका दिवसाच्या एका पाळीवर आणून ठेवला. मात्र त्या पाळीत कारखान्यात एकाहून अधिक शेतांचा पालक आला होता आणि धुताना, भरताना तो मिसळला होता. त्यामुळे हातातली पिशवी नेमकी कोणत्या शेताची, हे पिशवीवरच्या खुणेतून कळण्याची सोय नव्हती; ते जिवाणूच्या जनुकीय ठशावरून ठरवावे लागले. पुरवठा साखळीतल्या मालाचा माग काढण्याविषयी आपण बोलतो, तेव्हा रस्त्याने धावणारा ट्रक आणि नकाशावर सरकणारा ठिपका डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात वाटेवर माग क्वचितच हरवतो. तो हरवतो सांध्यावर, म्हणजे जिथे माल एकत्र होतो, विभागला जातो, त्याचे रूप बदलते किंवा तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, तिथे.

वस्तूला ओळख देण्याचे काम तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी प्रकाराची आणि ती आपल्या सर्वाधिक परिचयाची, कारण दुकानातला बारकोड तिथलाच. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी १९४९ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या वुडलँड यांनी मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या आणि त्यांतून जाड-बारीक पट्ट्यांची कल्पना सुचली, असे ते सांगत असत. ती कल्पना दुकानात उतरायला पंचवीस वर्षे लागली, कारण पट्ट्या वाचायला स्वस्त लेसर आणि संगणक हवे होते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी च्युइंगमच्या एका पाकिटावरचा बारकोड वाचला गेला. आज सर्वत्र रुजलेल्या बारकोड पद्धतीने झालेली ती पहिली विक्री.

या पट्ट्यांखाली बहुधा तेरा अंक असतात आणि त्यांतला शेवटचा अंक म्हणजे तपासणी अंक. त्याची रचना मला फार देखणी वाटते, म्हणून थोडे आकडेमोडीत शिरतो. ५०१२३४५६७८९० हे पहिले बारा अंक आहेत असे समजू. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक मिळवले की ५, १, ३, ५, ७ आणि ९ यांची बेरीज ३० येते. सम स्थानांवरच्या ०, २, ४, ६, ८ आणि ० यांची बेरीज २०. तिला ३ ने गुणायचे की ६०. दोन्ही मिळून ९०. ही बेरीज दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागेल तो तेरावा. इथे तो ० आहे. आता कोणी हाताने आकडे भरताना ३ आणि ४ यांची अदलाबदल केली, तर बेरीज ८८ होते, तेरावा अंक २ असायला हवा होता असे यंत्राच्या लक्षात येते आणि ते क्रमांक नाकारते. एखादा अंक चुकला तर ती चूक या पद्धतीतून कधीच निसटत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र एका बाबतीत निसटते : त्या अंकांमधला फरक नेमका ५ असेल, जसे २ आणि ७, तर बेरीज बरोबर दहाने बदलते आणि चूक झाकली जाते.

असा क्रमांक वस्तू कोणत्या प्रकारची आहे एवढेच सांगतो. त्या प्रकारच्या लाखो पाकिटांवर तोच क्रमांक असतो. त्यांतले कोणते पाकीट कधी आणि कुठे तयार झाले, याबद्दल तो मौन बाळगतो. तिथून दुसरी पातळी सुरू होते, ती तुकडीची म्हणजे बॅचची. एकाच वेळी, एकाच कच्च्या मालातून, एकाच यंत्रावर तयार झालेला माल म्हणजे एक बॅच, ही झाली पुस्तकी व्याख्या. व्यवहारात बॅच म्हणजे आपल्या अज्ञानाचे माप असते. तिच्या आतल्या दोन वस्तूंत आपल्याला फरक सांगता येत नाही, म्हणून दोष एका वस्तूत सापडला तरी परत मागवावी लागते ती सगळी बॅच. बॅच लहान ठेवली तर नुकसान कमी होते. पण प्रत्येक बॅचनंतर यंत्र थांबवून साफ करावे लागते आणि नोंदी वाढतात. द्रव आणि दाणेदार मालात तर बॅचची सीमा आखणेच अवघड. धान्याची कोठी पूर्ण रिकामी होण्याआधी वरून नवे धान्य पडते, टाकीच्या तळाशी कालचे दूध उरलेले असते आणि तुकड्या एकमेकींत झिरपतात. याला एकच खरा उपाय आहे : ठरावीक काळाने कोठी वा टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची आणि ती वेळ नोंदवायची. साखळी तिथे मुद्दाम तोडलेली असते, म्हणून पुढे दूषित माल सापडला तर संशय त्या वेळेच्या मागे जात नाही.

तिसरी पातळी एकेका नगाची, म्हणजे अनुक्रमांकाची. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर चौकटींचा लहानसा कोड असतो आणि त्यात प्रकाराचा क्रमांक, बॅच, मुदत यांच्या जोडीला त्या एकाच खोक्याचा अनुक्रमांक असतो. औषध रुग्णाच्या हाती देताना औषधविक्रेता तो कोड वाचतो, मध्यवर्ती नोंदीशी पडताळतो आणि तो क्रमांक वापरला गेला अशी नोंद होते. बनावट औषध करणाऱ्याला खोका हुबेहूब छापता येईल आणि खरा क्रमांकही उचलता येईल. पण तोच क्रमांक दुसऱ्यांदा वाचला गेला की इशारा मिळतो.

मात्र हजारो खोके एकेक करून वाचणे गोदामात शक्य नसते. म्हणून लहान खोके मोठ्या खोक्यात आणि मोठे खोके लाकडी फळीवरच्या थप्पीत जाताना त्यांची नाती नोंदवतात : या थप्पीत हे मोठे खोके, त्या प्रत्येकात हे लहान खोके. पुढे थप्पीचा एक क्रमांक वाचला की आतले सगळे वाचल्यासारखे होते. सोय मोठी, पण एक खोका फाटला, कोणी दुसऱ्या थप्पीतला एक उचलून त्या जागी ठेवला आणि ती अदलाबदल नोंदवायची राहिली, तर तिथून पुढची प्रत्येक नोंद आत्मविश्वासाने चुकीचे सांगत राहते. दोन्ही थप्प्यांतली संख्या बरोबर भरत असल्यामुळे मोजदादीतही ते उघडकीला येत नाही.

रेडिओलहरींवर चालणारे आरएफआयडी टॅग इथे मदतीला येतात. टॅगमध्ये बहुधा बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींतूनच तो ऊर्जा घेतो आणि त्याच लहरी कमी-जास्त परावर्तित करून आपला क्रमांक कळवतो. काही मीटरांवरून, झाकण न उघडता, शेकडो टॅग काही सेकंदांत वाचता येतात. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो, त्यामुळे कपड्यांच्या गठ्ठ्यात जे सहज साधते, तेच पाण्याच्या बाटल्यांच्या किंवा पत्र्याच्या डब्यांच्या थप्पीत अवघड होऊन बसते.

इथवर आपण कारखान्यातून निघालेल्या मालाचा विचार केला. काही वस्तूंचा इतिहास मात्र त्याआधी सुरू होतो आणि दशकांनंतर त्याची गरज पडते. १९ जुलै १९८९ रोजी डीसी-१० जातीच्या एका प्रवासी विमानाच्या शेपटीकडील इंजिनात पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती हवेतच फुटली. तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या, द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले, पण विमानातल्या २९६ जणांपैकी ११० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. चकतीचे तुकडे पुढे मक्याच्या शेतात सापडले. धातूची लगड ओतताना राहिलेला एक सूक्ष्म दोष, त्यातून सुरू झालेली भेग आणि उड्डाणागणिक वाढत गेलेला धातूचा थकवा, असा त्या फुटीचा क्रम निघाला. चकती १९७१ मध्ये तयार झाली होती, म्हणजे दोष अठरा वर्षे जुना होता.

आता प्रश्न असा होता की त्याच ओतणीतून झालेल्या बाकीच्या चकत्या कोणत्या विमानांत आहेत. तपासात आढळले की कारखान्याच्या जुन्या कागदपत्रांत एकाच अनुक्रमांकाच्या दोन चकत्यांची नोंद होती आणि त्यांतली एक ध्वनिलहरींच्या तपासणीत नापास झालेली होती. फुटलेल्या चकतीचे टायटॅनियम नेमके कोणत्या लगडीचे, हे रासायनिक विश्लेषणावरूनही निश्चित ठरवता आले नाही. कागदपत्रांवर विसंबता येत नसेल, तर अनुक्रमांकावरून चकत्या तपासायला बोलावण्याचा आदेशच कुचकामी ठरू शकतो आणि सदोष चकत्या सेवेत राहू शकतात, असा इशारा तपास अहवालाने दिला. हा तपशील मला त्या अपघाताइतकाच हादरवून टाकणारा वाटतो.

वस्तूच्या आराखड्यापासून ती मोडीत निघेपर्यंतची माहिती एकत्र बांधून ठेवण्याच्या पद्धतीला उत्पादन जीवनचक्र व्यवस्थापन म्हणतात. तिच्या मुळाशी घटकांची यादी असते : कोणता भाग, किती नग, आराखड्याची कोणती आवृत्ती. ही यादी एकच असते असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात अभियंत्याची यादी वस्तू काय काम करते यानुसार लावलेली असते, तर जुळणी करणाऱ्यांची यादी कोणता भाग आधी बसतो यानुसार. एक स्क्रू बदलला तरी तो दोन्हींकडे बदलावा लागतो आणि कोणत्या अनुक्रमांकाच्या नगापासून बदल लागू झाला हेही नोंदवावे लागते. एअरबसच्या ए३८० या महाकाय विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या वायरी आहेत. जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या गटांनी आराखड्यासाठी एकाच संगणकप्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या, बदल एकमेकांकडे नीट पोहोचले नाहीत आणि हॅम्बुर्गहून आलेल्या वायरींचे जुडगे तुलूझमध्ये बसवताना आखूड पडू लागले. या गोंधळाने विमानांचा पुरवठा सुमारे दोन वर्षे लांबला. सांधा इथेही होताच. फक्त तो मालाच्या वाटेवर नव्हता, तर एकाच आराखड्याच्या दोन प्रतींमध्ये होता.

नोंद आणि वस्तू यांची गाठ मुद्दामही सोडवली जाते. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची डीएनए चाचणी केली, तेव्हा काहींत घोड्याचे मांस निघाले. युरोपीय संघात २००५ पासून प्रत्येक अन्नव्यावसायिकाला माल कोणाकडून आला आणि कोणाला दिला, अशी मागची एक पायरी आणि पुढची एक पायरी नोंदवून ठेवावी लागते. पायऱ्यांच्या नोंदी होत्या. पेटीवरचे लेबलच खोटे होते. ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र जपलेल्या नोंदवहीचा उपाय सुचवणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवायला हवी. केलेली नोंद मागाहून बदलू न देणे ब्लॉकचेनला उत्तम जमते, पण नोंद करतानाच कोणी खोटे लिहिले तर तेही ती तितक्याच निष्ठेने जपते. अशा वेळी मालालाच विचारावे लागते : डीएनए, किंवा पाणी आणि माती यांतून पिकात उतरलेले समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण, यांवरून लेबल ताडून पाहता येते.

या साऱ्याची पुढची मोठी परीक्षा बॅटरीच्या बाबतीत होणार आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक विद्युत वाहनाच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल आणि बॅटरीवरच्या क्यूआर कोडवरून तो उघडता येईल. तिच्यात कोणती रसायने आहेत, ती सुटी कशी करायची, तिची क्षमता किती उरली आहे, हे त्यात असेल. वाहनातून काढलेली बॅटरी वीज साठवण्याच्या कामाला लावली, तर तिला नवा पासपोर्ट मिळेल आणि तो जुन्याशी जोडलेला असेल. ती पुनर्वापरासाठी मोडून वितळवली की पासपोर्ट संपेल. तिच्यातले कोबाल्ट, निकेल आणि लिथियम दुसऱ्या हजारो बॅटऱ्यांच्या धातूंत मिसळून जाईल आणि त्यातला कोणता कण कोणत्या बॅटरीतला, हे त्यानंतर कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या बॅटरीच्या नोंदीत उरेल ती फक्त टक्केवारी : तिच्यातला किती धातू जुन्या बॅटऱ्यांतून आला.