डोळे रंगवायला सर्वांत बारीक ब्रशच लागतो?

छोट्या मॉडेल-पुतळ्यांच्या चेहऱ्यांबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: डोळे रंगवायचे तर ००० किंवा त्याहून बारीक नंबरचा ब्रश हवाच.

सल्ला पटण्यासारखा आहे. १:३५ प्रमाणात ३ सेंटिमीटरचा डोळा जेमतेम ०.८६ मिलिमीटरचा होतो; तिथे जाड ब्रश कसा चालेल? पण नंबर सांगतो तो केसांच्या झुपक्याचा आकार. पुतळ्याला टेकतं ते फक्त टोक. चांगल्या सेबल केसांचा (हे ब्रशसाठी वापरले जाणारे प्राण्याचे मऊ केस) १ नंबरचा, म्हणजे ००० पेक्षा जाड, ब्रश ओला केला, की त्याचंही टोक सुईसारखं जुळतं.

खरी अडचण अ‍ॅक्रिलिकची आहे. पाणी उडालं की हा रंग धरतो, आणि थेंब जितका लहान तितका लवकर सुकतो. चार केसांच्या ब्रशमध्ये रंग मावणार तो कितीसा? पॅलेटवरून पापणीपर्यंत जाईतो टोकावरच वाळतो. मग रंग उतरत नाही, आपण जोर देतो आणि ठिपक्याऐवजी डाग पडतो. जाड ब्रशच्या पोटात ओलावा असतो, त्यामुळे टोकही ओलं राहतं.

पडताळणी सोपी आहे. दोन्ही ब्रशांत सारखाच पातळ केलेला रंग घ्या, दहा आकडे मोजा आणि अंगठ्याच्या नखावर ओळीने ठिपके द्या. कुठला ब्रश आधी थांबतो, ते लगेच दिसेल. फक्त १ नंबरचा ब्रश टोक फाटलेला नको, नाहीतर निकाल उलटा येईल.