रासायनिक अस्त्रबंदी आणि जैविक अस्त्रबंदी: नावं जोडीनं, कारभार निराळा

बातम्यांमध्ये ‘रासायनिक आणि जैविक अस्त्रं’ हे शब्द कायम जोडीनंच येतात. त्यामुळे दोन्हींवर बंदी घालणारा करार एकच असेल, निदान त्यांच्यावर नजर ठेवणारं कार्यालय तरी एकच असेल, असं अनेकांना वाटतं. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलपुरतं ते खरंही होतं. विषारी वायू आणि रोगजंतू युद्धात वापरायचे नाहीत, असं त्यात एकत्रच ठरलं. पण बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत, असं कुणी म्हटलं नव्हतं. ही पळवाट बुजवताना दोन्हींच्या वाटा वेगळ्या झाल्या. जैविक अस्त्रबंदीचा करार १९७२ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ ला लागू झाला. रासायनिक अस्त्रांचा करार त्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी, २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. भारत दोन्हींचा सदस्य आहे.

उशिरा आलेला करारच जास्त मजबूत निघाला. त्याच्यामागे हेगमधली ‘ओपीसीडब्ल्यू’ ही रासायनिक अस्त्रबंदीची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्याकडे शेकडो कर्मचारी आणि स्वतःचे निरीक्षक आहेत, आणि २०१३ चं शांततेचं नोबेलही तिलाच मिळालं. जैविक कराराचा कारभार जिनिव्हातलं एक छोटं कार्यालय पाहतं. २००६ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा तिथे तीन पदं होती, २०२२ च्या आढावा परिषदेनं त्यात एकाची भर घातली. निरीक्षक एकही नाही.

हा निव्वळ हलगर्जीपणा आहे का? तसं म्हणणं सोपं आहे, पण रसायन आणि जंतू यांच्या स्वभावातच फरक आहे. थायोडायग्लायकॉल हे रसायन बॉलपेनच्या शाईत वापरतात आणि त्यापासून मस्टर्ड गॅस हे रासायनिक अस्त्रही बनतं. म्हणून ते रासायनिक कराराच्या, नजर ठेवायच्या रसायनांच्या यादीत आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल हाताळणाऱ्या कारखान्याला दरवर्षी सरकारमार्फत तशी माहिती द्यावी लागते, आणि निरीक्षक येऊन वह्या तपासू शकतात. कच्चा माल किती आला, किती वापरला, किती विकला हे सगळं टनांत मोजता येतं. हिशेब जुळला नाही तर उरलेला माल कुठे गेला, हे सांगावं लागतं. भारतानं १९९७ मध्ये आपल्याकडचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट केला. अमेरिकेचा शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये संपला.

जंतूंचा असा ताळेबंद मांडता येत नाही. आज चिमूटभर असलेले जंतू योग्य पोषण मिळालं की थोड्या दिवसांत हवे तेवढे होतात. जनावरांच्या फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्यावरची लस पुण्यात औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत बनते, आणि त्यासाठी त्याच जंतूचा सौम्य केलेला वाण वाढवावाच लागतो. टाकी तीच, यंत्रं तीच, माणसांचं प्रशिक्षणही तेच. म्हणून जैविक करारानं याद्या केल्याच नाहीत, हेतूवर बोट ठेवलं: रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततेच्या कामासाठी ज्याचं समर्थन होत नाही, असा प्रकार आणि एवढं प्रमाण बाळगायचं नाही. माझ्या मते हे शहाणपणाचंच होतं. उद्या नवा जंतू निघाला तरी तो आपोआप बंदीत येतो. (हेतूचं कलम रासायनिक करारातही आहे, पण त्याच्या जोडीला याद्या आहेत. एरंडाच्या बियांतलं रायसिन त्या यादीतही आहे आणि सजीवापासून मिळणारं विष म्हणून जैविक करारातही मोडतं.)

पण हेतू तपासणार कोण? याची किंमत स्वेर्दलोव्स्कनं मोजली. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या या शहरात अँथ्रॅक्सनं किमान ६६ माणसं दगावली. सोव्हिएत संघ जैविक कराराच्या तीन जनक देशांपैकी एक होता. ‘दूषित मांस खाल्ल्यानं’ असा सरकारी खुलासा झाला आणि तो बरीच वर्षं चालला. १९९२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांचं पथक तिथे पोचलं. मृतांपैकी कोण त्या दिवशी कुठे होतं, हे नातेवाइकांना विचारून त्यांनी नकाशावर खुणा केल्या. बहुतेक खुणा लष्करी संकुलापासून निघालेल्या सुमारे चार किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात पडल्या. त्याच रेषेत पुढे पन्नास किलोमीटरपर्यंतच्या गावांत जनावरं मेली होती. मांसाची विक्री अशी वाऱ्याच्या दिशेनं सरळ रेषेत होत नसते; जंतू त्या संकुलातूनच हवेत सुटले होते.

त्यानंतर तपासणीची तरतूद करण्याचा प्रयत्न झाला. १९९५ पासून वाटाघाटी चालल्या, मसुदाही तयार झाला. जुलै २००१ मध्ये अमेरिकेनं तो नाकारला: यातून लबाडी पकडली जाणार नाही, उलट औषध कंपन्यांची गुपितं फुटतील. या म्हणण्यात तथ्य होतं, आणि अमेरिकेची सोयही होती.

आता एखाद्या देशावर संशय आला तर तक्रार सुरक्षा परिषदेकडे न्यायची, आणि तिथे पाच जणांकडे नकाराधिकार. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनमधल्या प्रयोगशाळांबाबत अमेरिकेविरुद्ध ही वाट धरली. चौकशीच्या ठरावाला दोन मतं मिळाली, तीन विरोधात गेली आणि भारतासह दहा देश तटस्थ राहिले.

रोजच्या व्यवहारात उरतात ती परस्परविश्वासाची वार्षिक विवरणपत्रं: देशात कुठल्या प्रयोगशाळा आहेत, कुठे लस बनते, कुठे रोगाचा अनपेक्षित उद्रेक झाला. मुदत १५ एप्रिल. ती भरणारे देश साधारण निम्मेच, आणि भरलेली माहिती खरी आहे की नाही हे जाऊन पाहण्याचा अधिकार जिनिव्हातल्या त्या चौघांना नाही.