पाच सूत, सात सूत आणि चार काळे पट्टे

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की पिस्टनने ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळीच्या, आतल्या व्यासाचं माप आपल्याकडचे जुने मेकॅनिक अजूनही सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. पाच, सहा, सात आणि आठ सुती सिलिंडर शेजारीशेजारी ठेवले तर नवख्याच्या डोळ्यांना फरकही फारसा जाणवत नाही. पण गाडी सरळ थांबणार की गर्रकन फिरणार, हे या एक-दोन सुतांवर ठरतं.

मला हे खऱ्या अर्थाने उमगलं ते इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर काम करताना. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा आपल्या देशात 2007 पासून होते. मुलं पाइप वाकवून, वेल्डिंग करून, एकाने बसून खडकाळ रस्त्यावर पळवायची गाडी स्वतः बांधतात. ब्रेकचे नियम कडक आहेत. निदान दोन स्वतंत्र ऑइल लाइन हव्यात, आणि पेडल दाबल्यावर चारही चाकं अडकली, म्हणजे फिरायची पूर्ण थांबली पाहिजेत. या तपासणीत गाडी नापास झाली, तर मुलांचं वर्षभराचं काम बाजूला उभं राहतं.

आमच्या संघाची गाडी चालवणाऱ्यासकट 250 किलोची. मुलांनी पुढच्या लाइनला एक आणि मागच्या लाइनला एक असे दोन आठ सुती सिलिंडर बसवले होते. सिलिंडर मोठा तर ब्रेक जोरदार, असा त्यांचा साधा हिशेब. गाडी उभी असताना पेडल दाबलं की दगडासारखं घट्ट लागायचं, त्यामुळे सगळे खूश होते. मैदानात ब्रेक मारला तर गाडी रेंगाळत, लांबवर जाऊन थांबली. एकही चाक अडकलं नाही. "सर, पेडल तर हलतच नाही. अजून किती दाबू?" चालवणाऱ्या मुलाने विचारलं.

पेडल घट्ट म्हणजे ब्रेक चांगला, हा समज मी अनुभवी लोकांकडूनही ऐकतो आणि दर वेळी खोडतो. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलोय: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. 1921 च्या ड्यूसेनबर्गच्या चारचाकी हायड्रॉलिक ब्रेकपासून आजच्या गाडीपर्यंत सगळे याच नियमावर चालतात. पायाने 30 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ सहापट असली, तर पुढे 180 किलो मिळतात. ते दोन सिलिंडरांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला 90. आठ सुती पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 5 चौरस सेंटिमीटर. 90 भागिले 5, म्हणजे ऑइलमध्ये दाब तयार होतो तो चौरस सेंटिमीटरला जेमतेम 18 किलो. पाच सुती पिस्टनचं क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर. तोच पाय, तेच पेडल, पण दाब 45 किलो!

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, आणि इथे सुताचं माप फार कामी येतं. पाच, सहा, सात, आठ यांचे वर्ग करा: 25, 36, 49, 64. सिलिंडरांची तुलना करायला एवढे चार आकडे पुरतात. आठ सुतावरून पाच सुतावर आलं की दाब 64 भागिले 25, म्हणजे अडीचपटीहून जास्त होतो.

हे फुकट मिळत नाही. कॅलिपरचा, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या चिमट्याचा पिस्टन तेवढाच पुढे सरकवायचा तर ऑइलही तेवढंच लागतं, आणि बारीक सिलिंडरमधून तेवढं ऑइल ढकलायला पिस्टनला त्याच अडीचपटीने जास्त चालावं लागतं. आमच्या गाडीत एका लाइनवर 32 मिलिमीटर पिस्टनचे दोन कॅलिपर होते. दोन्ही पिस्टन अर्धा मिलिमीटर सरकवायला आठ सुती सिलिंडरला पेडलची हालचाल लागते 1 सेंटिमीटर, पाच सुतीला अडीच. त्यात होजपाइपचं फुगणं धरा, आणि लाइनमध्ये राहिलेली हवा तर पेडल पार तळाला नेते. म्हणून सिलिंडर हवा तितका बारीक करता येत नाही.

मग मुलांनी उत्साहाने दोन्हीकडे पाच सुती सिलिंडर बसवले. या वेळी चाकं अडकली, पण आधी मागची. गाडीने शेपूट फिरवलं आणि ती जिकडून आली तिकडेच तोंड करून उभी राहिली. पट्टे बांधलेले होते, हेल्मेट होतं, कुणाला लागलं नाही. माझ्या पोटात मात्र गोळा आला होता.

कारण वजनात होतं. इंजिन मागे, त्यामुळे उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर 100 किलो आणि मागच्यांवर 150. पण जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, बस थांबताना उभे प्रवासी झुकतात तसं. आमच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 140 सेंटिमीटर. डांबरावर चाकं अडकण्याच्या बेतात असताना सुमारे 69 किलो भार मागून पुढे जातो. पुढे झाले 169, मागे उरले 81. उभ्या गाडीत जड असलेली मागची बाजू नेमकी ब्रेकच्या क्षणी हलकी होते, आणि आमचा ब्रेक तिलाही पुढच्याइतकाच दाब देत होता. अडकलेल्या चाकाला बाजूला सरकण्यापासून काहीच रोखत नाही.

कारच्या एकत्र सिलिंडरमध्ये, म्हणजे दोन लाइनचे दोन कप्पे एकाच नळीत असलेल्या सिलिंडरमध्ये, दोन्ही कप्प्यांचा व्यास बहुधा एकच असतो. कारखान्यात कॅलिपर, ड्रम आणि व्हॉल्व्ह वापरून पुढचा-मागचा फरक साधलेला असतो. त्यातला एकटा सिलिंडर उचलून आपल्या गाडीत टाकला की तो हिशेब मागेच राहतो.

169 ला 81 ने भागलं की येतात 2.09. आमचे चारही कॅलिपर, डिस्क आणि टायर सारखे होते, म्हणून पुढचा दाब मागच्याच्या एवढ्या पट हवा होता. वर्गांची यादी पाहून एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, 49 भागिले 25!" 1.96. पुढे पाच सुती, मागे सात सुती. उरलेला थोडा फरक बॅलन्स बारने भरायचा. पेडलचा जोर दोन सिलिंडरांत वाटणारा हा आडवा दांडा आट्यांवर सरकवता येतो. ज्या सिलिंडरजवळ त्याचा मध्य सरकतो, त्याला जास्त वाटा मिळतो. एक काळजी घ्यावी लागते. पाच सुती पिस्टन सात सुतीपेक्षा जास्त चालतो, त्यामुळे बार तिरका होतो. त्याला तिरकं व्हायला जागा ठेवली नाही तर तो अडकतो आणि सगळा हिशेब कोलमडतो. आम्ही कानसाने क्लेव्हिसच्या, म्हणजे बारची टोकं सिलिंडरच्या दांड्यांना जोडणाऱ्या चिमट्यांच्या कडा थोड्या मोकळ्या केल्या.

तिसऱ्या चाचणीत गाडी नाकासमोर थांबली. डांबरावर चार काळे पट्टे उमटले होते. मागच्या चाकांमधली रुंदी कमी, त्यामुळे ते वेगळे ओळखू येत होते. मुलांनी टेप काढली. चारही चाकं एकाच क्षणी अडकली असती, तर मागचा पट्टा पुढच्याच्या 140 सेंटिमीटर मागे सुरू व्हायला हवा. अंतर भरलं 112. म्हणजे पुढची चाकं अडकल्यावर मागची आणखी 28 सेंटिमीटर फिरत होती. मागची आधी अडकत नव्हती, हेच हवं होतं. मुलांनी बॅलन्स बारचा नट तिथेच घट्ट केला आणि त्यावर पिवळ्या रंगाने खूण मारली.